साताऱ्यातून जगातल्या मॅरेथॉन, गावाकडच्या कामासाठी: निधी, कागदपत्रं, सराव आणि हिशेब

चांगल्या कामासाठी परदेशात मॅरेथॉन पळायची असं ठरलं की बहुतेक जण आधी बूट बघायला जातात. सुरुवात बँक खात्यापासून करावी. ४२.१९५ किलोमीटर अठरा-वीस आठवड्यांच्या सरावाने पळून होतात. दुसऱ्याचे पैसे मागून घेणं, ते ठरलेल्या कामापर्यंत पोचवणं आणि त्याचा हिशेब देणं याला वर्ष-सव्वा वर्ष लागतं, आणि चुका बहुतेक तिथेच होतात. म्हणून या लेखात पैशाचा भाग आधी आणि सविस्तर घेतला आहे, पळण्याचा नंतर.

दोन वाटा, आणि त्यातली कोणती आपली

लंडन, बोस्टन, न्यूयॉर्क, शिकागो, बर्लिन, टोकियो आणि २०२५ पासून सिडनी या सात शर्यतींना ‘मेजर्स’ म्हणतात. त्यांत प्रवेश मिळवायचे साधारण चार मार्ग आहेत: लॉटरी, ठरावीक वेळेच्या आत आधी पळून दाखवणं, अधिकृत टूर ऑपरेटरचं पॅकेज, किंवा चॅरिटी बिब (बिब म्हणजे शर्यतीत छातीवर लावायचा क्रमांक). बोस्टनला सर्वसाधारण लॉटरी नसते. तिथे वेळेची पात्रता किंवा चॅरिटी, हेच मुख्य दरवाजे.

चॅरिटी बिब म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. तिथल्या एखाद्या संस्थेकडे शर्यतीतल्या काही जागा असतात. ती संस्था तुम्हाला जागा देते आणि त्या बदल्यात तुम्ही ठरावीक रक्कम गोळा करून देण्याचा करार करता. लंडनसाठी ही रक्कम बहुधा २,००० पौंड किंवा त्याहून जास्त असते, म्हणजे दोन लाख रुपयांच्या वर. बोस्टन आणि न्यूयॉर्कला त्याहून बरीच मोठी. हे पैसे त्या परदेशी संस्थेला जातात, साताऱ्यातल्या किंवा सांगलीतल्या कामाला नाही. काम उत्तमच असतं, पण इथल्या दात्याकडे मागताना तीन अडचणी येतात. त्याला आयकरात सवलत मिळत नाही. तिथल्या देणगीच्या पानावर यूपीआय चालत नाही, आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू केलेलं कार्ड लागतं आणि त्यावर बँक वेगळं शुल्क लावते. आणि कोरेगावच्या किराणा दुकानदाराला लंडनमधल्या संस्थेचं काम डोळ्यांनी दिसत नाही.

यात एक खाच आहे. बऱ्याच संस्था, विशेषतः अमेरिकेतल्या, करार करतानाच तुमच्या क्रेडिट कार्डाची माहिती घेऊन ठेवतात. ठरलेल्या तारखेपर्यंत रक्कम भरली नाही तर उरलेले पैसे थेट तुमच्या कार्डावर पडतात. काही ठिकाणी तर शर्यतीतून माघार घेतली तरी रक्कम भरावीच लागते. करारातली माघारीची तारीख आणि तुटीचं कलम वाचल्याशिवाय सही करू नका. इथल्या लोकांचे पैसे स्वतःच्या खात्यात गोळा करून तुमच्या नावाने परदेशी पाठवणं हा त्यावरचा उपाय नाही. दात्याने स्वतःच्या कार्डाने थेट भरावं.

म्हणून सातारा-सांगलीकडच्या धावकाने पहिल्या खेपेला दुसरी वाट धरावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. लॉटरीने किंवा पॅकेजने, पूर्णपणे स्वखर्चाने प्रवेश घ्या आणि निधी इथल्या नोंदणीकृत संस्थेसाठी उभा करा. त्याच्याही आधी एकदा टाटा मुंबई मॅरेथॉनला हे करून बघा. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या या शर्यतीत निधी उभारणीची बसलेली व्यवस्था आहे, युनायटेड वे मुंबई ही संस्था ती सांभाळते. पैसे मागण्याची भीड तिथे मोडते, आणि प्रवासखर्च शिवनेरीच्या तिकिटाइतका.

संस्था निवडताना कोणते कागद मागायचे

ओळखीच्या माणसाची संस्था आहे म्हणून कागद मागायला संकोचू नका. दात्याने उद्या विचारलं तर उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे. संस्थेचं पॅन, धर्मादाय आयुक्त कार्यालयातलं नोंदणी प्रमाणपत्र, आयकराची १२ एबी नोंदणी, दात्याला आयकरात वजावट मिळवून देणारा ८०जी चा आदेश आणि त्याची मुदत, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट अहवाल. ८०जी ची मुदत शर्यतीच्या आधीच संपते का, हे तारीख बघून तपासा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. बोलताना सगळे ८०जी च म्हणतात, पण पावतीवर काय छापायचं ते संस्थेच्या सीएला विचारा.

दात्याला तीन गोष्टी आधीच सांगा. २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी वजावटीला चालत नाही. नवी करप्रणाली निवडलेल्या नोकरदाराला ही वजावट मिळतच नाही, तेव्हा ‘टॅक्स वाचेल’ हे मागण्याचं मुख्य कारण करू नका. आणि पॅन दिलं की संस्था त्यांचं नाव आयकर खात्याकडच्या विवरणात घालू शकते. आर्थिक वर्ष संपल्यावर हे विवरण ३१ मेपर्यंत भरायचं असतं आणि त्यातूनच दात्याचं प्रमाणपत्र निघतं. हाती आलेली नुसती छापील पावती वजावटीला पुरत नाही.

आता परदेशातले नातेवाईक. पळायला तुम्ही तिकडे जाणार म्हटल्यावर न्यू जर्सीचा चुलतभाऊ म्हणतोच, ‘मी पाचशे डॉलर देतो.’ त्याला आधी एक प्रश्न विचारा: पासपोर्ट कुठला? भारतीय पासपोर्ट असेल तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी देणगी धरली जात नाही. एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या इथल्या बँकेतल्या, खात्यातून पाठवली तर सगळ्यात सोपं. अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल, हातात ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असेल, तर मात्र तो कायद्याने परदेशी स्रोत. त्याचा एक डॉलरसुद्धा एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येतो, आणि तोही दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच. त्याने इथल्या आईच्या खात्यात पैसे टाकायचे आणि आईने संस्थेला द्यायचे, ही पळवाट कुणी ना कुणी सुचवतंच. ती वापरू नका. यात नोंदणी जाते ती संस्थेची, आणि नुकसान होतं तिच्या आश्रयाला असलेल्या मुलांचं, रुग्णांचं.

पैसे स्वतःच्या खात्यात किंवा स्वतःच्या फोनच्या क्यूआरवर घेऊ नका, एक दिवससुद्धा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली वर्गणी गोळा करायला धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं दरवर्षी ती घेतात. तुमचा मार्ग त्याहून सोपा आहे: संस्थेचं खातं, संस्थेचा क्यूआर, संस्थेची पावती. तुम्ही फक्त निरोप्या. संस्थेला सांगून या मोहिमेपुरतं वेगळं खातं किंवा निदान वेगळा क्यूआर करून घ्या, म्हणजे कुणाची रक्कम तुमच्या मोहिमेची आणि कुणाची इतर, हे नंतर निवडत बसावं लागत नाही. क्राउडफंडिंगच्या वेबसाइट सोयीच्या असतात, पण त्यांचं शुल्क आणि दात्याकडून आपोआप मागितली जाणारी ‘टिप’ आधी तपासा. दात्याने दिलेल्या हजारातले नेमके किती संस्थेला पोचतात, हा आकडा तुम्हाला तोंडपाठ हवा.

काय मागायचं आणि कसं मागायचं

‘शिक्षणासाठी मदत’ असं मागितलं की लोक पाचशे देतात आणि विसरतात. ‘माण तालुक्यातल्या अमुक शाळेत पिण्याच्या पाण्याची टाकी, फिल्टर आणि नळजोड’ असं मागितलं की टाकी किती लिटरची, असं विचारतात. हा प्रश्न आला की समजा, माणूस देणार. ललिता बाबर माण तालुक्यातल्याच मोहीची. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. तिच्या तालुक्यातल्या मुलींना पळायचे बूट हवेत म्हटलं तर साताऱ्यात कुणालाही ‘कशाला’ हे सांगावं लागत नाही. काम असं निवडा: नाव असलेलं, जागा असलेली, कोटेशन हातात असलेलं.

रक्कम कोटेशनवरून ठरवा, मनाने नाही. दोन दुकानांची कोटेशनं घ्या, जीएसटी आणि वाहतूक धरा, वर १० टक्के ठेवा. मग ती रक्कम अंतरात वाटा. ४२ किलोमीटर प्रत्येकी २,००० रुपये म्हणजे ८४,०००. उरलेले १९५ मीटर प्रत्येकी १०० रुपये म्हणजे १९,५००. एकूण १,०३,५००. किलोमीटर व्यापारी, डॉक्टर, पतसंस्था, माजी विद्यार्थी घेतात. मीटर बचत गटाच्या बायका, कॉलेजची पोरं, रिक्षावाले घेतात. मीटरवाल्यांना कमी लेखू नका. कर्करोगात एक पाय गमावलेला टेरी फॉक्स १९८० साली कॅनडा पळत ओलांडायला निघाला; त्या मोहिमेत त्याने प्रत्येक कॅनेडियन माणसाकडे एकच डॉलर मागितला होता. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाल्यावर आजार उलटल्याने त्याला थांबावं लागलं, पण १९८१ च्या फेब्रुवारीपर्यंत दोन कोटी चाळीस लाख डॉलरच्या वर रक्कम जमली. तेव्हा कॅनडाची लोकसंख्या साधारण तेवढीच होती. या मोहिमेतून स्वतःचा फायदा करून घेणाऱ्या कंपन्यांना त्याने दूर ठेवलं होतं.

‘तू जितके किलोमीटर पूर्ण करशील तितके देईन’ अशी बोली शक्यतो घेऊ नका. शर्यत झाल्यावर वसुलीला फिरणं फार अवघड जातं आणि नातीही अवघडतात. पैसे आधी संस्थेत, पळणं नंतर. शर्यत पूर्ण झाली नाही तरी देणगी परत होणार नाही, हेही मागतानाच सांगा.

मागण्याचा क्रम असा ठेवा. पहिले दोन किलोमीटर स्वतःच्या खिशातून घ्या आणि तसं जाहीर करा. मग घरचे आणि पळणारे सोबती, या दहा-बारा जणांना फोन करून. यादीत तीस टक्के भरल्याशिवाय व्हॉट्सॲप गटात काहीही टाकू नका. रिकाम्या पानावर पहिलं नाव लिहायला कुणी पुढे येत नाही, लग्नातल्या आहेराच्या वहीसारखंच. गटात टाकलेल्या संदेशापेक्षा एकेकाला नावाने पाठवलेला संदेश कितीतरी जास्त लागू पडतो. तो साधारण असा असावा:

‘नमस्कार काका. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी मी बर्लिनला ४२ किलोमीटर पळणार आहे. विमान, राहणं, प्रवेश शुल्क हा सगळा खर्च माझा. या निमित्ताने माणमधल्या शाळेत पाण्याची टाकी आणि फिल्टर बसवायचा आहे, १,०३,५०० रुपये लागतील. एका किलोमीटरचे २,००० रुपये. तुम्ही एक किलोमीटर घ्याल का? पैसे थेट संस्थेच्या खात्यात जातील, क्यूआर सोबत आहे, पावती त्यांच्याकडूनच येईल. पाठवल्यावर पॅन नंबर संस्थेला कळवा. नाही जमलं तरी काही हरकत नाही, आशीर्वाद असू द्या.’

शेवटचं वाक्य ठेवाच. त्याने नाही म्हणणारा माणूस तुटत नाही. उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एकदा आठवण करा, तिसऱ्यांदा नको.

वेळही बघावी लागते. ऊसबिलं आणि दिवाळीचा बोनस हातात आल्यावर माणूस मोकळ्या मनाने देतो. जूनमध्ये शाळांच्या फिया आणि पेरणी यांत सगळे अडकलेले असतात. गणपतीत वर्गणीची पुस्तकं फिरत असतात, तेव्हा थांबा. एमआयडीसीतल्या कंपन्यांकडे सीएसआरसाठी, म्हणजे त्यांनी सामाजिक कामाला द्यायच्या पैशासाठी, जायचं असेल तर हे आधी जाणून घ्या: कायद्याने सीएसआर बंधनकारक होतो तो ५०० कोटींची नेटवर्थ, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक असलेल्या कंपनीला. संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी लागते. बजेट एप्रिल-मेमध्ये ठरतं, फेब्रुवारीत गेलात तर उरलंसुरलं मिळतं.

स्वतःचा खर्च वेगळ्या वहीत

देणगीतला एक रुपयाही प्रवासाला वापरायचा नाही. काही ठिकाणी ‘दहा टक्के खर्चाला’ अशी पद्धत असते. ती आम्हाला मान्य नाही. परदेशी धावकांचं प्रवेश शुल्क मेजर्समध्ये साधारण २०० ते ४०० डॉलरच्या दरम्यान पडतं. त्यावर व्हिसा, विमा, विमान, चार-पाच रात्री आणि पुण्या-मुंबईपर्यंतचं जाणं-येणं. टोकियो किंवा बर्लिनला काटकसरीने दीड ते अडीच लाख, अमेरिकेला अडीच ते चार लाख धरून चाला. शर्यतीच्या आठवड्यात हॉटेलांचे दर चढतात, म्हणून प्रवेश पक्का झाल्या दिवशी रद्द करता येईल अशी खोली धरून ठेवा. एखाद्या दुकानाने किंवा बँकेने तुमचा प्रवास प्रायोजित केला तर तेही दात्यांना उघड सांगा. लपवलेली गोष्ट कळली की पुढच्या वर्षी कुणी दारात उभं करत नाही.

पंधरा महिन्यांचं वेळापत्रक

मेजर्सच्या लॉटऱ्या बहुतेक शर्यतीच्या दहा-बारा महिने आधी निघतात. म्हणून पंधरा महिने आधी देश ठरवा, पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर सहा महिने आहे ना ते बघा. अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत मिळायला फार वेळ लागू शकतो, तेव्हा लॉटरीचा निकाल लागायची वाट न बघता अर्ज करा. बर्लिनसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि त्यासोबत निदान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. ब्रिटनचा अर्ज तीन महिने आधीपासून, निकाल साधारण तीन आठवड्यांत. विम्याच्या कागदात मॅरेथॉन वगळलेली नाही ना, हे कंपनीकडून लेखी घ्या. ‘साहसी खेळ’ या एका शब्दाखाली बरंच काही वगळलेलं असतं.

संस्था आणि कोटेशन दहा महिने आधी, घरच्यांची यादी आठ महिने आधी, जाहीर आवाहन पाच महिने आधी. शर्यतीच्या तीन आठवडे आधी निधी बंद करा. शेवटच्या आठवड्यात फोनवर पैसे मागत बसलात तर झोप जाते, आणि तेव्हा झोप बाकी कशाहूनही महत्त्वाची.

सराव: घाट आपला, पण शर्यत सपाट

परदेशी फुल मॅरेथॉनच्या आधी दोन हाफ (अर्ध्या अंतराच्या) मॅरेथॉन आणि भारतात एक फुल झालेली असावी. वय पस्तिशीच्या पुढे असेल, घरात हृदयविकार किंवा मधुमेह असेल, तर सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी सांगितल्यास स्ट्रेस टेस्ट करा.

अठरा आठवडे, आठवड्यातून चार दिवस पळणं, दोन दिवस ताकदीचे व्यायाम. रविवारची लांब धाव १६ किलोमीटरपासून सुरू करून दर आठवड्याला दोनेक किलोमीटरने वाढवायची, दर चौथ्या आठवड्याला कमी करायची, आणि शर्यतीच्या तीन आठवडे आधी ३० ते ३२ वर थांबवायची. ४२ पळून बघायची गरज नाही. पहिल्यांदा पळणारे इथेच घाबरून चूक करतात आणि थकलेल्या पायांनी विमानात चढतात.

साताऱ्याच्या धावकाचा दम यवतेश्वरच्या घाटाने कमावलेला असतो. सातारा हिल हाफ मॅरेथॉन त्याच रस्त्याने जाते. पण बर्लिन, शिकागो, टोकियो या शर्यती सपाट आहेत. सपाटीवर ४२ किलोमीटर तेच स्नायू, त्याच लयीत, विश्रांती न मिळता काम करतात. घाटात चढाला एक स्नायू राबतो आणि उताराला दुसरा. नुसत्या घाटावर तयार झालेला माणूस सपाटीवर तिसाव्या किलोमीटरला पोटऱ्या धरून बसतो. म्हणून सपाट शर्यतीसाठी घाट आठवड्यातून एकदाच, आणि शेवटचे सहा आठवडे अजिबात नको. मधल्या दिवशी शाहू स्टेडियमवर एकाच वेगाने फेऱ्या मारा, ४०० मीटरच्या २५ फेऱ्या म्हणजे १० किलोमीटर. दर पाच फेऱ्यांनी दिशा बदला, नाहीतर आतल्या बाजूचा गुडघा तक्रार करतो. सांगली-मिरजेकडच्यांना सपाट रस्ता दाराशीच आहे, त्यांनी उलट महिन्यातून दोनदा चढावर यावं. हिल हाफ बर्लिनच्या आधी दोन-चार आठवड्यांवर आली तर तेवढा एक अपवाद करा, पण ती सरावासारखी हळू पळा, पदकाच्या वेळेसाठी नाही.

बोस्टनची गोष्ट उलटी. तो रस्ता एकूण उताराचा आहे. सुरुवातीच्या उताराने मांड्या सैल पडतात आणि साधारण २६ ते ३४ किलोमीटरमध्ये न्यूटनच्या टेकड्या येतात. तिथे यवतेश्वर खरंच उपयोगी पडतो, पण उतरताना. चढ चालत जा आणि उतार पळत या: आधी दोन किलोमीटर, मग आठवड्यांनी वाढवत पाच. पावलं छोटी, शरीर किंचित पुढे, टाच आपटायची नाही. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या दुखतील, तेच हवं आहे. तीन आठवडे उरले की हा सराव बंद. दक्षिण आफ्रिकेतल्या सुमारे ८८-९० किलोमीटरच्या कॉम्रेड्स शर्यतीच्या ‘डाउन’ वर्षालाही, म्हणजे ती उताराच्या दिशेने धावतात त्या वर्षी, हाच सराव लागतो. ती शर्यत बारा तासांत संपवावी लागते आणि ती पहिल्या वर्षी कुणीही निवडू नये.

शर्यतीचा महिना कोणता, त्यावर इथला कुठला हंगाम अंगावर येणार हे ठरतं. सप्टेंबरच्या बर्लिनचा सराव ऐन पावसात होतो. घाटात धुकं, शेवाळलेल्या कडा, आणि बूट दोन दिवस वाळत नाहीत, तेव्हा दोन जोड लागतात आणि आत वर्तमानपत्राचे बोळे. फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी कास रस्ता गाड्यांनी भरतो, साडेसहाच्या आत खाली या. ऑक्टोबरच्या शिकागोचा आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारच्या न्यूयॉर्कचा शेवटचा टप्पा नवरात्रीचे उपवास आणि फराळ यांत सापडतो. त्या काळात कडक उपवास करू नका, देवी समजून घेईल. मार्चच्या टोकियोचा सराव म्हणजे ऊसतोडीचा हंगाम. पहाटेच्या अंधारात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर येतो, मागे दिवा नसतो, ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला असतो आणि गाण्याच्या आवाजात चालकाला तुम्ही ऐकू येत नाही. उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून पळा, डोक्याला दिवा, अंगात चमकणारं जाकीट, कानात काही नको. रस्त्यावर सांडलेल्या उसाच्या कांड्यांवरून घोटा मुरगळणं ही फार नेहमीची दुखापत आहे. एप्रिलच्या लंडन-बोस्टनसाठी मार्चच्या उन्हात लांब धावा कराव्या लागतात. तेव्हा घड्याळातला वेग खाली येतो, श्वासावर भरवसा ठेवा.

खाणं-पिणं

पळताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. साध्या खजुरात पाच-सहा ग्रॅम असतात, म्हणजे तासाला दहा खजूर, जे चावणं होत नाही. पळताना चोखायच्या, पाकिटातल्या एका एनर्जी जेलमध्ये २० ते २५ ग्रॅम. दहा ग्रॅम गुळात नऊएक. मीठ लावलेला उकडलेला बटाटा शंभर ग्रॅमला वीस. सरावात हे सगळं करून बघा, पण शर्यतीसाठी जेलच सोयीचं. पहिलं चाळीस मिनिटांवर, मग दर अर्ध्या तासाने, दोन घोट पाण्यासोबत. तीस-बत्तीसला पाय अचानक शिशाचे होतात ते साठलेली साखर संपल्याने, आणि तेव्हा खाऊन उपयोग नसतो.

पाणी कमी पिण्याइतकंच जास्त पिणंही घातक. चार-पाच तास पळणारा माणूस प्रत्येक टेबलावर पेला भरून पीत गेला तर रक्तातलं सोडियम खाली येतं, मळमळ, डोकेदुखी, गोंधळ होतो, जिवावरही बेततं. लांब धावेआधी आणि नंतर वजन करा. एक-दीड किलो कमी झालं तर चालेल, वाढलं तर तुम्ही जास्त पीत आहात. पळताना वेदनाशामक गोळी घेऊ नका, तिचा ताण मूत्रपिंडांवर येतो.

तिकडे पोचल्यावर

बूट, बिबची कागदपत्रं, पळायचे कपडे हातातल्या बॅगेत. जेल द्रवात धरले जातात, म्हणून ते चेक-इन सामानात. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये भारतातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे तिकडच्या भावासाठी कंदी पेढे नेऊ नका. शेंगदाणा चिक्की न्या, शर्यतीच्या सकाळी तुम्हालाही उपयोगी पडेल.

बर्लिन आणि टोकियोशी वेळेचा फरक साडेतीन तासांचा, तीन दिवस आधी पोचलात तरी पुरे. बोस्टनला साडेनऊ आणि शिकागोला साडेदहा तासांचा फरक पडतो, तिथे निदान पाच दिवस हवेत. न्यूयॉर्कची शर्यत बहुधा त्याच रविवारी येते ज्या पहाटे अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात, गजर दोनदा तपासा. बिब स्वतः जाऊन, पासपोर्ट दाखवून घ्यावं लागतं. ते जिथे मिळतं त्या एक्स्पोत, म्हणजे शर्यतीच्या प्रदर्शनात, अर्ध्या तासापेक्षा जास्त फिरू नका.

न्यूयॉर्कला स्टेटन आयलंडवर सुरुवातीआधी तासन्‌तास थंडीत बसावं लागतं. साताऱ्यातून जुना स्वेटर, जुनी ट्रॅक पँट आणि मोठी प्लास्टिकची पिशवी घेऊन जा, सुरुवातीला काढून टाका. वेळेची मर्यादा आधी बघून ठेवा: बर्लिन सव्वासहा तास, शिकागो साडेसहा, टोकियो सात. टोकियोत वाटेतले टप्पेही ठरावीक वेळेला बंद होतात आणि मागे राहिलेल्यांना बसमध्ये बसवतात. पहिले दहा किलोमीटर ठरवल्यापेक्षा हळू गेलात तर शेवटचे दहा तुमचे. छातीत दुखलं, चक्कर आली, तर थांबा. निधी आधीच संस्थेत जमा आहे, तो तुमच्या पदकावर अवलंबून नाही.

एकाच वर्षात टोकियो आणि लंडन, किंवा बर्लिन आणि शिकागो, असे बेत आखू नका. दोन फुलमध्ये निदान चार महिने ठेवा. दात्यालाही दम लागतो, हेही ध्यानात ठेवा: एका माणसाकडे वर्षातून एकदाच मागायचं, आणि मागचं काम पूर्ण झालेलं दाखवल्याशिवाय पुढचं मागायचं नाही.

परत आल्यावर

पहिल्या आठवड्यात प्रत्येक दात्याला त्याच्या किलोमीटरचा उल्लेख करून संदेश पाठवा: ‘तुमचा एकतिसावा किलोमीटर सगळ्यात जड गेला, पण झाला.’ महिन्याभरात काम सुरू करून घ्या. पूर्ण झाल्यावर टाकीचा फोटो, दुकानाचं बिल आणि एका पानाचा हिशेब सगळ्यांना एकाच वेळी पाठवा: जमा किती, खर्च किती, उरले किती आणि उरलेल्याचं काय केलं. मुलांचे चेहरे फोटोत घ्यायचे असतील तर शाळेची आणि पालकांची परवानगी घ्या. नळाखाली भरलेला तांब्या दिसला तरी पुरतो. मे महिन्याच्या सुरुवातीला संस्थेला फोन करून विवरण भरलं का विचारा, आणि दात्यांची प्रमाणपत्रं निघाली की यादी हातात घेऊन एकेकाला मिळालं का ते तपासा. ज्या काकांना फोनमधला ईमेल उघडता येत नाही, त्यांचं प्रमाणपत्र छापून घरी नेऊन द्या.